पिवळी न झालेली नळी

१५ जानेवारी

काल संक्रांत झाली, आज बोर्ड लागला. 'हेमलता पशु-तपासणी प्रयोगशाळा, अमळनेर.' पेंटरने 'पशु' एवढं मोठं काढलंय की रस्त्यावरून जाणारा प्रत्येक जण थांबतो, वाचतो आणि हसतो. हसा म्हणावं. समोरचे किराणावाले विचारतात, "वहिनी, म्हशी रांगेत बसवणार का?" मी म्हटलं, "हो, तुमच्या ओट्यावर. तिथे सावली आहे."

जळगावच्या ज्या लॅबमध्ये मी इतकी वर्षं माणसांचं रक्त तपासलं, तिथले डॉक्टर मला निरोप देताना म्हणाले होते, "सहा महिन्यांत परत येशील. तुझी खुर्ची ठेवतो." हे वाक्य इथे मुद्दाम लिहून ठेवते. आपल्याकडे जनावर आजारी पडलं तर त्याचं रक्त पुण्याला जातं आणि उत्तर येईपर्यंत जनावर खड्ड्यात गेलेलं असतं. हे मी त्यांना शंभर वेळा सांगितलं. ते म्हणायचे, शेळीच्या रक्तात कसलं करिअर. मला करिअर नको होतं, मला माझं टेबल हवं होतं. पाटल्या मोडून जुनं मशीन घेतलंय. आता मागे फिरायचं नाही.

सासूबाईंनी (लोकांच्या वच्छलाबाई) बोर्डाला हळदकुंकू लावलं आणि आत येऊन लगेच सुरू झाल्या. "मना फ्रीजमा बकरीनं रगत ठेवशी ना, मंग तठे दही कसं ठेवू मी?"

"दही वरच्या कप्प्यात ठेवा."

"वरनं रगत खाले गळी तं?"

वरच्या कप्प्यातलं दही खाली गळेल, रक्त वर चढणार नाही, हे मी त्यांना समजावत बसले नाही.

२२ जानेवारी

पहिला घोटाळा झाला. नवरा, योगराज, चोपड्याच्या एसटीवर कंडक्टर आहे, त्याचा फायदा म्हणून मी गावोगावच्या पशुसेवकांना सांगून ठेवलंय, रक्ताच्या नळ्या डब्यात घालून एसटीत द्या. खोल्या करून राहणाऱ्या कॉलेजच्या पोरांचे जेवणाचे डबे त्याच गाडीने येतात, त्यातच आमचाही एक. आज एका पोराने आमचा डबा नेला आणि भाजी समजून उघडला. तो अजून जेवला नाही म्हणतात. त्याची पिठलं-भाकरी मात्र आमच्या टेबलावर येऊन पडली होती. सासूबाईंनी ती गरम करून स्टँडवर पाठवून दिली.

आता आमच्या डब्यावर लाल रंगात शेळी काढलीय. ती कुत्र्यासारखी दिसते, पण चालेल.

२८ जानेवारी

किट आला! शेळीच्या रक्तातलं कोलिनएस्टरेज मोजायचा एलायझा किट. थर्माकोलच्या पेटीत बर्फ, बर्फात चपटी प्लेट, प्लेटला छोट्या छोट्या वाट्या. प्रत्येक वाटीच्या तळाशी प्रतिपिंडं चिकटवलेली असतात. ती रक्तातल्या गर्दीतून एकच एन्झाइम ओळखतात आणि धरून ठेवतात, बाकीचं सगळं धुऊन जातं. मग रंग चढतो. रंग जितका गडद तितकं एन्झाइम जास्त, आणि मशीन आकडा देतं. इतकी देखणी गोष्ट आहे ही. हे एन्झाइम मी मुद्दाम निवडलं. आपल्याकडे कापसावर एवढं फवारतात, आणि ते विष अंगात गेलं की पहिला घाव याच एन्झाइमवर पडतो. मग नसांना थांबा म्हणणारं कुणी उरत नाही. लाळ गळते, अंग थरथरतं, श्वास कोंडतो.

सोबतचं माहितीपत्रक मुंगीच्या अक्षरात आहे. करायच्या पायऱ्या वाचून घेतल्या. पुढचं 'मर्यादा' वगैरे सवडीने वाचेन.

योगराज जेवताना डेपोचं रडगाणं गात होता. "गाड्या मोजायला साहेब आला. उभ्या असलेल्या सगळ्या मोजल्या आणि लिहिलं, गाड्या पुरेशा आहेत. अगं, निम्म्यांचं क्लच गेलंय, त्या जागच्या हलत नाहीत! मी म्हटलं, साहेब, उभी आहे म्हणजे चालते असं नाही. तर म्हणतो, मला मोजायला सांगितलंय." मी हो-हो करत वाट्या धुवायची बाटली भरत होते. या माणसाला बस सोडून विषयच नाही.

६ फेब्रुवारी

पहिलं खरं काम आलं. सातपुड्याच्या पायथ्याशी सावरपाणी म्हणून गाव आहे, तिथून मोतीलालभाऊंचा फोन होता. ते तिकडचे पशुसेवक, पिशवी घेऊन मोटारसायकलवर गावोगाव हिंडतात. पाड्यावरच्या गुंताबाई पावराच्या शेळ्या मेल्या. ज्या वाचल्या त्या लटपटताहेत. तिचा नवरा तेरसिंग ऊसतोडीला गुजरातेत गेलाय, शेळ्यांवर सगळं तीच बघते.

झालं असं. कापसाची शेवटची वेचणी झाली की उभ्या पऱ्हाटीत शेळ्या-मेंढ्या सोडायच्या, ही इकडची जुनी रीत. शेळ्यांना पाला मिळतो, वावराला लेंड्या मिळतात. गावातले प्रेमराज पाटील यांचं वावर मोकळं झालं, त्यांनीच गुंताबाईला सांगितलं, सोड बकऱ्या. तिने सोडल्या आणि संध्याकाळच्या आत त्या तोंडाला फेस येऊन पडू लागल्या. ती म्हणते वावरात औषध फवारलेलं होतं. प्रेमराज म्हणतात दिवाळीनंतर पंप हातात घेतलेला नाही, तिच्या कळपातच साथ आहे.

वाचलेल्या शेळ्यांचं रक्त दुपारच्या गाडीने आलं. योगराज ओशाळला होता. गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून त्याने आमचा डबा इंजिनाजवळ, खिचडीच्या गरम डब्यांच्या पिशवीत ठेवला. हात लावून बघितलं, नळ्या कोमट लागल्या. प्रतिपिंडांना एवढ्याने काही होत नाही, असं मला वाटतं.

८ फेब्रुवारी

सगळे आकडे सामान्य. प्रत्येक शेळीचं एन्झाइम जिथे हवं तिथे, भरपूर. म्हणजे विष नाही. पहिला रिपोर्ट मी स्वतः टाइप केला, सही केली आणि शिक्का मारला. 'कोलिनएस्टरेज सामान्य. विषबाधेचा पुरावा आढळला नाही.' शिक्का जरा तिरका पडला, तरी किती वेळ बघत राहिले.

गुंताबाईचं वाईट वाटतं. पण खरं ते खरं. कुणाला काय वाटतं यावर रक्त बदलत नसतं.

१२ फेब्रुवारी

आज स्वतः प्रेमराजभाऊ आले, पेढे घेऊन! तालुक्याला त्यांचं बी-बियाणं आणि औषधांचं दुकान आहे, चारचौघांत वजन असलेला माणूस. खुर्चीवर बसून म्हणाले, "ताई, खान्देशात अशी लॅब पाहिजेच होती. आम्हाला रिपोर्टच्या पाच प्रती द्या, शिक्क्यासकट." पाच कशाला, मी सहा दिल्या. मोतीलालभाऊ दारात उभे होते, आत या म्हटलं तरी आले नाहीत. उन्हाने दमले असतील.

सोबत प्रेमराजभाऊंचा धाकटा भाऊ कुंदन होता. दुकान थोरला बघतो, शेती धाकटा. पस्तिशीचा गडी, पण अवतार बघवत नव्हता. फेब्रुवारीत घामाने शर्ट भिजलेला, सारखं तोंड पुसत होता. बशी उचलली तर हात असा कापत होता की चहा टेबलावर सांडला, माझ्या कोऱ्या रिपोर्टांवर. प्रेमराजभाऊ हसून म्हणाले, "याले पित्तनी खोड शे." मला कळलं काय ते. दिवसाढवळ्या पिणाऱ्यांना मी ओळखते.

ते गेल्यावर सासूबाई बशी विसळत म्हणाल्या, "तो पोऱ्या बिमार शे, बरं." त्यांना सगळं जग बिमारच दिसतं.

१३ फेब्रुवारी

पेढे संपले. समोरच्या किराणावाल्यांनाही दिला एक.

२० फेब्रुवारी

गुंताबाई आली होती. पहाटेच निघून बस बदलत बदलत आली. चपला दाराबाहेर काढल्या, पण आत येऊन बसली नाही.

"रिपोर्ट तूच लिखं ना?"

मी म्हटलं, हो.

"तो कागद प्रेमराज शेठनी बठ्ठा गावले वाची दाखाडा. देखा म्हणे, विष नही शे, मंग बिमारीच शे. आते मन्या बकऱ्या हौदवर पानी पेवाले जाऊ देत नहीत. कोनी वावरमा पाय ठेवू देत नही. ग्रामसभा भरनार शे, मना कळप गावनी सीमबाहेर हाकलनार शेत." मग जरा थांबून म्हणाली, "मना आदमी होळीले घर येई. त्याले मी कोठे भेटू?"

पण मी काय बोलले? बोलले ते जसंच्या तसं लिहिते. "बाई, मी काय करू? मशीन खोटं बोलत नाही."

ती चिडली नाही. "मशीन तठे नव्हती," म्हणाली. "मी व्हती. दवाईना वास मना नाकमा अजून शे."

"वास जुनाही असू शकतो."

"व्हई," ती म्हणाली. "मी बी तेच म्हणं. वास जुना व्हई, म्हणीसन सोड्यात बकऱ्या. मनाच हातखाल मऱ्यात."

पाणीसुद्धा न पिता गेली. सासूबाई पाठोपाठ धावल्या आणि हातात काहीतरी बांधून दिलं. मला कुणी काही बोललं नाही, तेच जास्त लागलं.

२१ फेब्रुवारी

मी का ऐकून घ्यावं? माझं काम मी नीट केलं. पाटल्या मोडून आणलेलं मशीन, वेळच्या वेळी धुतलेली प्लेट, पायरीनुसार सगळं. एका बाईचा जीव तुटतो म्हणून आकडा बदलू का? मग माझ्यात आणि पैसे घेऊन रिपोर्ट फिरवणाऱ्यांत फरक काय? उद्या उरलेलं रक्त फ्रीजमधून काढून पुन्हा सगळं करते आणि मोतीलालभाऊंच्या तोंडावर नेऊन मारते. तिच्या नव्हे, तिच्या तोंडावर मारवणार नाही.

२३ फेब्रुवारी

पुन्हा केलं. तेच आकडे. वाट्यांमध्ये रंग गडद, मशीन खूश. जिंकल्याच्या आनंदात मी माहितीपत्रकाची मागची बाजू वाचायला घेतली, की उद्या कुणी शंका काढली तर तोंडावर एक ओळ फेकता यावी.

ओळ मिळाली. 'हा संच एन्झाइमचे प्रमाण मोजतो, क्रियाशीलता नाही.'

तीनदा वाचली. मग तो कागद घेऊन जमिनीवरच बसले.

विष एन्झाइमला नाहीसं करत नाही. ते त्याला चिकटून बसतं आणि त्याचं काम बंद पाडतं. एन्झाइम जागेवरच असतं, मेल्यासारखं. प्रतिपिंड त्याला ओळखतं, धरतं, मोजणीत घेतं. आहे ना? आहे. पुरेसं आहे? पुरेसं आहे. चालतं का, हे मी विचारलंच नाही!

योगराजचा साहेब मीच. उभ्या गाड्या मोजून 'पुरेशा आहेत' लिहिणारा तो गाढव मीच आहे. या घरात, माझ्या ताटासमोर बसून तो माणूस सांगत होता आणि मी बाटली भरत होते.

रडले. मग राग आला, तो बरा वाटला.

२४ फेब्रुवारी

इथल्या जुन्या कॉलेजात सुनंदाबाई रसायनशास्त्र शिकवतात, मीही त्यांच्याच हाताखाली शिकले. त्यांना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, कपाट उघडलं. साठ-सत्तर वर्षांपूर्वीची पद्धत आहे, मशीनसुद्धा लागत नाही. पातळ केलेल्या रक्तात एन्झाइमचं खाद्य घालायचं आणि एक पूड. एन्झाइम जिवंत असेल तर ते खाद्य तोडतं आणि नळी पिवळी होते. मेलेलं असेल तर होत नाही. डोळ्यांनी दिसतं. ही पद्धत मी बी.एस्सी.ला केली होती आणि जुनी म्हणून विसरले होते.

आमच्या आळीतल्या शेळीचं ताजं रक्त घेतलं, नळी पिवळीजर्द. गुंताबाईच्या शेळ्यांचं, फ्रीजमधलं, वाट बघत बसले. फिकटच राहिली.

मोतीलालभाऊंना फोन केला. ते म्हणाले, विचारून सांगतो. कुणाला विचारून? तासाभराने उलट फोन. "ताई, प्रेमराजभाऊ म्हनतस, तुमनं सॅम्पल एसटीमा खिचडीजोडे शिजी गयं. त्यामुळे मरी गयं व्हई ते एन्झाइम." आणि हळूच, "मना उधारीना माल त्यासनाच दुकानवरथून येस, ताई. माले मधमा नका घालू."

देवमाणूस समजत होते मी याला. पण खिचडीचं खोटं कसं म्हणू? नळ्या कोमट होत्या, मीच लिहून ठेवलंय, मोतीलालभाऊंना सांगितलंही होतं.

२६ फेब्रुवारी

डोक्यात दोन्ही बाजू भांडताहेत. गप्प राहिले तर कुणाला कळणार नाही. पहिलाच रिपोर्ट मागे घेणारी लॅब, तिच्याकडे दुसरा माणूस येईल का? जळगावची खुर्ची रिकामी आहेच. पण माझाच शिक्का घेऊन ते त्या बाईला हाकलताहेत. दुसऱ्या कुणाचा असता तर मी पेपरात दिलं असतं, आणि स्वतःचा आहे म्हणून गिळू?

नाही गिळणार. जुनं रक्त शिजलं म्हणता? ठीक. ताजं काढते, तुमच्या डोळ्यांदेखत, तुमच्याच गावात. माणसाचं-जनावराचं हे एन्झाइम एकदा निकामी झालं की रक्तात नवं यायला महिनोन् महिने लागतात. शेळ्या अजून पुरावा घेऊन फिरताहेत.

योगराजला सांगितलं. म्हणाला, "ग्रामसभेच्या दिवशी सावरपाणीच्या गाडीवर माझीच ड्यूटी लावून घेतो." सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "बरफना डबा मी मांडीवर धरसू. त्याले भरोसा नही, तो परत खिचडीजोडे ठेवी."

२ मार्च

घाईत लिहितेय, अक्षर वाईट येईल.

शाळेच्या ओट्यावर ग्रामसभा. बस गावात पोचली तर योगराजने ड्रायव्हरला सांगून ती वडाखालीच उभी ठेवली. उतरायचे ते उतरले, पुढे जायचे तेही बघायला उतरले. सासूबाई डबा पदराखाली धरून पहिल्या रांगेत जाऊन बसल्या, कुणी हलवलं नाही. गुंताबाई लांब, बाभळीखाली, एका दोरीला एक शेळी धरून.

मी उभी राहिले. "तुम्हाला जो रिपोर्ट वाचून दाखवला तो माझा आहे. तो मी मागे घेते."

एकदम गलका. प्रेमराजभाऊ हसले. "म्हणजे पहिला रिपोर्ट खोटा, आजचा खरा. आणि उद्याचा, ताई?" लोक हसायला लागले. अमळनेरच्या बोर्डावर लोक हसले होते, तेच हसणं. मला उलट जोर चढला.

"हसून घ्या. मग ती बस बघा," मी म्हटलं. "उभी आहे की नाही?"

"शे," कुणीतरी म्हणालं.

"मोजा बरं. एक बस. कागदावर लिहा, गावात बस आहे. झालं तुमचं काम? पोचलात चोपड्याला? तिचं क्लच गेलं असेल तर? माझ्या मशीनने उभ्या बसेस मोजल्या. चालतात का, ते मी विचारलं नाही. चूक मशीनची नाही, माझी आहे. पण त्या चुकीवर तुम्ही एका बाईचा कळप हाकलताय, ते मी होऊ देणार नाही."

हसणं थांबलं. योगराज बसच्या दारात मान हलवत उभा होता, जणू भाषण त्यानेच लिहून दिलंय. खोटं नाही ते.

मी म्हटलं, दोन शेळ्या पाहिजेत. एक गुंताबाईची, आणि एक निरोगी, जिच्याबद्दल कुणाला शंका नसेल अशी. प्रेमराजभाऊंच्या गोठ्यात पांढरी शेळी बांधलेली दिसत होती. "भाऊ, तुमची चालेल? तिला तर साथ नाही ना?" नाही म्हणायला जागाच नव्हती.

लोकांसमोर दोघींच्या मानेतून रक्त घेतलं, पातळ केलं, दोन नळ्या पांढऱ्या कागदासमोर उभ्या केल्या. दोन्हींत एकाच बाटलीतलं खाद्य-पुडीचं पाणी प्रेमराजभाऊंच्या हातानेच घालायला लावलं आणि सांगितलं, पिवळी झाली तर बस चालते, नाही तर क्लच गेलं. आम्ही थांबलो. लेकरं पुढे सरकली.

त्यांच्या शेळीची नळी पिवळी व्हायला लागली. आधी खाली, मग सगळी. गुंताबाईच्या शेळीची नळी तशीच. एक बाई मोठ्याने म्हणाली, "हाई तं झायीच नही पिवळी!"

"बिमारीनं बी व्हत असी असं," प्रेमराजभाऊ म्हणाले. आवाज उतरला होता.

"साथीने असं होत नाही."

"तू सांगनार आम्हले? कालनी लॅब तुनी!"

तेवढ्यात मागून कुंदन उठून पुढे आला. तसाच घामेजलेला, हात कापणारा. शर्टाची बाही वर करत माझ्यापुढे हात केला. "ताई, मनं बी रगत देखा."

"कुंदन, खाले बस," प्रेमराजभाऊ ओरडले.

तो बसला नाही. "भाऊ, बकऱ्या येवाना आदला दिन मीच फवारा मारा तठे. तुम्हीच सांगं, फरदड ठेवू, ह्याच पऱ्हाटीवर परत कापूस लेवू, एक फवारा मारी टाक. मंग तुमनं मन फिरनं, म्हणे चरू द्या. मी तवाच सांगाले पाहिजे व्हतं." आणि माझ्याकडे वळून, "तवापसून कांद्यावर मारी राहिनू रोज. रातले मना हात थांबत नहीत."

कोऱ्या रिपोर्टांवर सांडलेला चहा माझ्या डोळ्यांसमोर आला. त्या दिवशी हा माणूस माझ्या खुर्चीत बसला होता. मी वास न घेताच त्याला दारुडा ठरवलं.

इतकी वर्षं माणसांचं रक्त काढलंय, पण आज शीर सापडेना. सासूबाईंनी त्याचा हात घट्ट धरला तेव्हा जमलं. तिसरी नळी उभी केली. प्रेमराजभाऊ नळीसमोर उकिडवे बसले, तोंड अगदी जवळ नेऊन. ग्रामसभा, शेळ्या, रिपोर्ट कशाकडेच त्यांचं लक्ष नव्हतं.

"व्हई आते," ते म्हणाले. "टाइम लागस. व्हई."

आम्ही थांबलो. नळी पिवळी झाली नाही.

ते उठले, खांद्यावरचा पंचा काढून कुंदनचं तोंड पुसलं आणि त्याला धरून बसकडे निघाले. योगराजने विचारलं नाही कुठे जायचं. घंटी मारली आणि म्हणाला, "धुळ्याला जाणारी गाडी चोपड्याहून लगेच आहे."

कळप हाकलायचा ठराव कुणी मांडला नाही. गुंताबाई शेळी घेऊन सगळ्यांसमोरून हौदावर गेली. शेळी पाणी प्यायली, आणि ती पीत असेपर्यंत मी तिथेच उभी राहिले.

३ मार्च

धुळ्याच्या दवाखान्यातून प्रेमराजभाऊंचा फोन. कुंदनला दाखल केलंय, डॉक्टर म्हणाले अजून काही दिवस फवारत राहिला असता तर हातचा गेला असता. "ताई, कालना तपासणीना कागद पाहिजे व्हता. शिक्का मारीसन."

"किती प्रती?" माझ्या तोंडून निघून गेलं.

मग म्हणाले, "एकच."

पाठवला. या वेळी शिक्का सरळ मारला.

११ मार्च

जळगावच्या डॉक्टरांचा निरोप आला, जनावरांच्या लॅबने माणसाचं रक्त तपासलं, तक्रार होऊ शकते. करा म्हणावं. गावासमोर केलंय, लपून नाही केलं. आणि खुर्ची दुसऱ्या कुणाला द्या, मी येत नाही.

प्रत्येक रिपोर्टच्या खाली आता ठळक अक्षरात ओळ असते, हा आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही. मोतीलालभाऊ म्हणतात, असं लिहिलं तर गिऱ्हाईक घाबरेल. घाबरू दे. या आठवड्यात अख्ख्या तालुक्यातून नवे चार जण आलेत.

होळीला तेरसिंग आला. नवरा-बायको दोघं भेटून गेले. गुंताबाई आता आत येऊन बसली, मशीनकडे बोट दाखवून त्याला म्हणाली, "हाई उभ्या गाड्या मोजस." आमचे योगराज दिवसभर फुगून हिंडत होते.

२० एप्रिल

कुंदन आज आला, एकटाच. दवाखान्याचे रिपोर्ट धुळ्यालाच होतात, पण म्हणाला, "माले ती नळी देखनी शे." भावाने घरातला पंप विकून टाकलाय. दुकान अजून आहे, त्याबद्दल मी विचारलं नाही, आज नाही. पण विचारणार आहे.

रक्त घेतलं, नळी उभी केली. आम्ही दोघं तिच्याकडे बघत बसलो. बराच वेळ काही नाही. मग तळाशी, अगदी फिकट, लिंबाच्या रसासारखी पिवळी झाक. त्याने नळी उचलून खिडकीच्या उजेडात धरली, आणि मी मागेपर्यंत खाली ठेवली नाही.

सासूबाईंनी चहा आणला. बशी मुद्दाम काठोकाठ भरली होती, मी बघितलं. कुंदनने ती दोन्ही हातांनी उचलली आणि हळूहळू सगळा चहा प्यायला. टेबल कोरडं होतं.